उतारवय आणि खुब्याचे हाड

“म्हातारी पडली आणि खुबा मोडला” हे वाक्य आपल्या परभणी जिल्ह्यात गावोगावी कानावर येते. पाठोपाठ “वयच झालं होतं” असे म्हणून विषय संपवला जातो. वय हे कारण आहेच, पण ते एकटे नव्हे. बाकीची कारणे आधीच दिसत असतात आणि त्यांतली बरीच आपल्या हातातली आहेत, म्हणून हा लेख.

कमरेच्या हाडाच्या खोबणीत मांडीच्या हाडाचे गोल डोके बसते, तो खुब्याचा सांधा. डोक्याखाली हाड निमुळते होते, त्या भागाला मान म्हणतात. म्हातारपणी हाड बहुधा मानेपाशी किंवा तिच्या जरा खाली मोडते. त्यासाठी जिन्यावरून कोसळावे लागत नाही. उभ्या उभ्या कुशीवर पडले तरी पुरते.

आम्ही पडलो बँकेतले, तेव्हा दाखला पासबुकाचाच सुचतो. साधारण तिशीपर्यंत हाडांत भरणा होतो, नंतर हळूहळू रक्कम निघू लागते. पाळी गेल्यावर स्त्रियांच्या शरीरातील हाडे राखणारे संप्रेरक घटते आणि हा खर्च एकदम वाढतो. जिचे बालपण अर्धपोटी गेले तिचा मुळात भरणाच कमी. आपल्याकडची परभणी मोती ज्वारी कितीही नामांकित असली तरी शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीस मिलिग्रॅमच्या आत. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. शरीराला रोज लागते सुमारे हजार. नुसत्या भाकरीवर ते कसे भागणार? दूध-दही, तीळ, शेवग्याचा पाला यांची जोड हवी. विद्यार्थिनींनो, हा हिशेब आजीपेक्षा तुमच्या उपयोगाचा आहे. कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व लागते, ते उन्हातून मिळते. जन्मभर रानात राबलेली आजी थकल्यावर आतल्या खोलीत बसते, तेव्हा तेही तुटते.

इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाने २००८ साली ‘फ्रॅक्स’ नावाची गणनापद्धती पुढे आणली. तिच्यात वय व वजन विचारतात. आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, बिडी-सिगारेट वा दारू आहे का, संधिवात आहे का, हेही विचारतात. त्यातले दोन प्रश्न आम्हांला फार मोलाचे वाटतात. पहिला, आधी एखादे हाड मोडले आहे का? साध्या पडण्याने मनगट मोडले की आपण प्लास्टर घालतो आणि विसरून जातो. वास्तविक ती पुढच्या धोक्याची पहिली नोटीस असते. दुसरा प्रश्न स्टेरॉइडच्या गोळ्यांचा. दम्याला, सांधेदुखीला चटकन आराम पडतो म्हणून काही जण चिठ्ठीवाचून त्या महिनोन्‌महिने घेतात आणि हाड आतून पोखरते. मात्र चालू गोळी एकाएकी बंद करू नये. डॉक्टरांना विचारूनच कमी करावी.

हाड कच्चे असले तरी ते मोडायला बहुधा पडणे लागते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणारी मंडळी आम्ही दरवर्षी पाहतो. कोणाचा मोतीबिंदू पिकलेला, कोणाच्या पायात झिजलेली स्लिपर, कोणी खुर्चीवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन पुन्हा बसते. अंधारी येण्यामागे पुष्कळदा रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी असते. घरी उंच उंबरठा, शेवाळलेली न्हाणी, रात्री अंगण ओलांडून संडास आणि नेमकी तेव्हाच गेलेली वीज! न्हाणीत व संडासात धरायला एक पक्का लोखंडी दांडा, उशाशी बॅटरी, वेळेवर मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि रोज थोडे चालणे यांना फार पैसा लागत नाही.

पडल्यावर उभे राहता येत नसेल, पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर चोळू नये, ओढू नये, हाडवैद्याकडे नेऊन दिवस घालवू नयेत. अंथरुणाला खिळले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. बरेच रुग्ण दगावतात ते मोडलेल्या हाडाने नव्हे, या पडून राहण्याने. म्हणून प्रकृती झेपत असेल तर एकदोन दिवसांतच शस्त्रक्रिया करून माणसाला उठते करण्यावर डॉक्टरांचा भर असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या शस्त्रक्रिया येतात. निघताना रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत घ्यावे आणि योजनेतील रुग्णालयात गेल्यावर प्रथम आरोग्यमित्राला गाठावे.