माती रंग धरते

रंगाऱ्याच्या दारातून रंगीत पाणी निघते. ते नाल्यात जाते. नाला विहिरीजवळून वाहतो. काही रंग विषारी असतात. मग हे पाणी साफ करावे कसे? मोठी यंत्रे घ्यायला गावात पैसा कुठला? पण आपल्या पायाखाली माती आहे. तीही कामाला येते.

काळी माती आपल्या ओळखीची. पावसाळ्यात ती फुगते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. असे का बरे होते?

या मातीत फार बारीक पापुद्रे असतात. ते एकावर एक रचलेले असतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यामध्ये पाणी शिरले की माती फुगते. पाणी उडून गेले की आकसते. बेंटोनाइट नावाची मातीही याच गुणाची. ती कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरकडे सापडते. अशा एक ग्रॅम शुद्ध मातीतले सगळे पापुद्रे सुटे केले आणि त्यांच्या दोन्ही बाजू मोजल्या, तर सुमारे ७ गुंठे भरतील!

विजेचे भार दोन. एक ऋण, एक धन. ते एकमेकांना ओढतात. पापुद्र्यांवर ऋण भार असतो. काही रंगांवर धन भार असतो. पाण्यात विरघळलेल्या शिशावर आणि तांब्यावरही धन भार असतो. म्हणून माती त्यांना धरून ठेवते.

करून पाहा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या. जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाचा एक थेंब त्यात टाका. चमचाभर मुलतानी माती घालून चांगले ढवळा. रात्रभर ठेवा. सकाळी माती तळाशी बसलेली दिसेल. जांभळा रंग मातीने घेतलेला असेल. पाणी गढूळ राहिले तर तुरटी फिरवा. हे पाणी पिऊ मात्र नका.

आता तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१. माती सगळेच रंग धरत नाही. सुती कापडाच्या पुष्कळ रंगांवर ऋण भार असतो. ते पाण्यातच राहतात. म्हणून आधी थोड्या पाण्यावर करून पाहावे.

२. मातीने रोगजंतू मरतात असे समजू नका. पाणी नितळ दिसले, तरी ते पिण्याजोगे झाले असे नाही.

३. पाण्यातले विष नाहीसे झाले नाही. ते मातीत गेले. ती माती शेतात टाकू नका. भिंतीला लिंपू नका. पाणी झिरपणार नाही अशा पक्क्या टाकीत ठेवा. पुढे काय करावे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा.

माती स्वस्त आहे. पण वापरलेली माती कुठेही फेकली, तर पहिल्या पावसात ते विष पुन्हा आपल्याच विहिरीकडे निघेल.