शशकरक्षणाची लीळा आणि नांदणीची हत्तीण

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेल्या आचारधर्मात अहिंसेला जे स्थान आहे, ते प्रत्येक उपदेशी वासनिकाला ठाऊक आहे. मुंगीविषयीचे सूत्र लहानपणापासून सर्वांच्या कानांवर असते. परंतु सूत्र मुखोद्गत असणे वेगळे आणि ते प्रसंगी आचरणात उतरणे वेगळे. हिंसा म्हणजे केवळ शस्त्राने केलेला वध, अशी समजूत पुष्कळांची असते. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्यालाही आपल्या हातून पीडा होऊ शकते, हा विचार सहसा मनात येत नाही. २०२५ साली कोल्हापूर जिल्ह्यात एका हत्तिणीवरून जो क्षोभ झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. त्याचा शास्त्रदृष्टीने विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

लीळेचा आशय

लीळाचरित्रात म्हाइंभटांनी ग्रथित केलेली शशकरक्षणाची लीळा सर्वश्रुत आहे. स्वामी वृक्षातळी आसनस्थ असता पारध्यांच्या कुत्र्यांनी पिटाळलेला ससा धावत आला आणि स्वामींच्या जानूखाली शिरला. मागोमाग पारधी आले. त्यांनी ससा मागितला. या सशावर पैज लागली आहे, तो न मिळाल्यास आपसात शस्त्रे निघतील, असेही त्यांनी विनविले. स्वामींनी शरण आलेला जीव परत दिला नाही. रानातले गवत खाऊन आणि ओढ्याचे पाणी पिऊन राहणाऱ्या निरपराध जीवांना मारण्यात कोणता पुरुषार्थ, असे त्यांनी पारध्यांना समजाविले. पारध्यांचे मन पालटले.

येथपर्यंतचा भाग सर्वांच्या स्मरणात असतो. लीळेचा शेवट मात्र अनेकदा दुर्लक्षित राहतो. पारधी निघून गेल्यावर स्वामींनी जानू उचलली आणि सशाला जाण्यास सांगितले. ते सांगतानाही साधुपुरुषाला शोभावे असे आदराचे संबोधन त्याला दिले. ज्याचे प्राण राखले त्याला त्यांनी आपलासा करून ठेवले नाही. त्याच्या गळ्यात दोरी बांधली नाही, की भक्तांच्या दर्शनासाठी त्याला आश्रमात पाळले नाही. रक्षणाची परिणती मोकळे करण्यात झाली. म्हणून राखणे आणि सोडणे ही दोन्ही अंगे मिळून या लीळेतील अहिंसा पूर्ण होते. पहिले अंग सोपे आहे. दुसऱ्यासाठी ‘माझे’ हा अभिमान सोडावा लागतो, आणि तेथेच माणसाची परीक्षा होते.

कायदा काय सांगतो

व्यवहारात मुक्या जीवाच्या रक्षणाचे काम कायद्याकडे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. त्याचे तिसरे कलम असे की, ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने त्याच्या सुस्थितीची काळजी घ्यावी आणि त्याला निष्कारण वेदना होऊ देऊ नयेत. अकराव्या कलमात क्रूरतेचे प्रकार मोजले आहेत. मारणे व अतिभार लादणे तर त्यांत आहेच, पण आजारी वा जखमी जनावर कामाला जुंपणे, हालचाल करता येणार नाही अशा जागी कोंडणे, आखूड किंवा जड साखळीने फार काळ बांधून ठेवणे, हेही त्यांत आहे. म्हणजे न मारताही क्रूरता घडू शकते, हे कायद्याने मान्य केले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हत्तीला विशेष संरक्षण दिले. १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यतींच्या प्रकरणात प्राण्याच्या सन्मानाने जगण्याचा विचार मांडला. पुढे राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या वैध ठरविल्या, त्यामुळे नियमांच्या चौकटीत शर्यतींना वाट मिळाली.

मात्र कायद्याची दुर्बलताही पाहिली पाहिजे. १९६० च्या अधिनियमाने पहिल्या अपराधाला दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड सांगितला. तीन वर्षांच्या आत अपराध पुन्हा घडला तर पंचवीस ते शंभर रुपये दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या काळी पन्नास रुपये ही काही रक्कम होती; आज ती एका वेळच्या चहापाण्याची आहे. शिवाय ज्याच्यावर अन्याय झाला तो फिर्याद देऊ शकत नाही, साक्ष देऊ शकत नाही. त्याच्या वतीने कोणी तरी बोलेल तेव्हाच कायदा जागा होतो, आणि तोवर पीडा होऊन गेलेली असते.

कोल्हापूरच्या दोन घटना

कोल्हापूरचा आणि हत्तीचा संबंध जुना आहे. संस्थानकाळी तेथे हत्तीची साठमारी होत असे; साठमारीची जागा शहरात आजही त्याच नावाने ओळखली जाते. पुढे संस्थाने गेली, तरी देवस्थानांच्या व मठांच्या दारी हत्ती राहिले. वाडी रत्नागिरीच्या जोतिबा देवस्थानाला २००७ साली ‘सुंदर’ नावाचा हत्ती अर्पण करण्यात आला होता. त्याला साखळदंडांनी जखडून ठेवल्याची व मारहाणीची तक्रार झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ च्या जून महिन्यात त्याची रवानगी बंगळूरजवळील बन्नेरघट्टा येथे झाली.

दुसरी घटना शिरोळ तालुक्यातील नांदणी येथील जैन मठाची. ‘महादेवी’ किंवा ‘माधुरी’ ही हत्तीण १९९२ पासून त्या मठात होती. पेटा या संस्थेने तिच्या प्रकृतीविषयी तक्रार केली. उच्चाधिकार समितीपुढे आलेल्या अहवालांत तिच्या अंगावरील जखमा, पायांच्या नखांचे व तळव्यांचे विकार आणि एकटेपणामुळे जडलेल्या अस्वाभाविक हालचाली यांची नोंद होती. तिच्यावर उपचार व देखभाल चालू असल्याचे मठाचे म्हणणे होते. शिवाय हत्ती ठेवण्याची परंपरा शतकांची असल्याचेही मठाने मांडले. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या वनतारा परिसरातील हत्ती कल्याण संस्थेकडे पाठविण्याचा निर्णय कायम केला. मठाचा धार्मिक वापराचा हक्क आणि हत्तिणीचे हित यांत विरोध आला तर हत्तिणीचे हित श्रेष्ठ, असा त्या निर्णयाचा आशय होता. २८ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि हत्तीण निघाली.

तिला निरोप देताना गावाने अश्रू ढाळले. काही ठिकाणी पोलिसांच्या वाहनांवर दगडही पडले. ३ ऑगस्ट रोजी हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूकपणे चालत गेले. नंतर शासनाने बैठक घेतली आणि नांदणी परिसरातच हत्तींसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला.

पूर्वपक्ष आणि उत्तर

येथे पहिला पूर्वपक्ष असा येतो : ज्या लोकांनी तिच्यासाठी अन्न वर्ज्य केले, जे तिच्यासाठी पायी चालले, त्यांना क्रूर कसे म्हणावे? उत्तर असे की, त्यांना क्रूर म्हणण्याचे कारण नाही. ते अश्रू खरे होते. परंतु प्रेम खरे असले म्हणजे पीडा खोटी ठरत नाही. ज्याच्यावर प्रेम त्याला काय हवे, हे पाहणारी ती दया. ज्याच्यावर प्रेम तो आपल्याजवळ हवा, असे म्हणणारा तो मोह. दोहोंतही डोळे भरून येतात, म्हणून वरून ते सारखेच दिसतात. हत्ती हा कळपात राहणारा, दिवसभर चालणारा, चिखलात व पाण्यात रमणारा जीव. त्याला कठीण जमिनीवर वर्षानुवर्षे एकटे उभे राहावे लागले, तर केळी, गूळ आणि आरती यांनी ती उणीव भरत नाही.

दुसरा पूर्वपक्ष : देशात सर्वत्र जनावरांचे हाल चालू असता एका मठावरच कायद्याचा बडगा का? हा प्रश्न कायदा राबविणाऱ्यांना विचारणे रास्त आहे. तथापि दुसऱ्याच्या दोषाने आपला दोष धुतला जात नाही, हे साधकाला सांगावे लागत नाही.

तिसरा पूर्वपक्ष : जेथे ती गेली तेथे तरी ती मोकळी कोठे आहे? यात तथ्य आहे. ससा रानात परत जाऊ शकला. माणसाच्या हाती वाढलेला हत्ती तसा रानात परत जाऊ शकत नाही. त्याला मिळते ते अधिक मोठे अंगण, सजातीयांचा सहवास आणि उपचार. पूर्ण मोकळीक नव्हे. यावरून एवढेच निष्पन्न होते की, वन्य जीवाला एकदा बांधल्यावर त्याचे जे हिरावले जाते ते न्यायालयालाही परत देता येत नाही. म्हणून खरी अहिंसा बांधण्यापूर्वीच करावयाची असते.

दृष्टांतपाठात केशिराजबासांनी संग्रहित केलेला जात्यंधांचा हस्ती येथे आठवतो. त्याचे मूळ दार्ष्टांतिक ज्ञानविषयक आहे, हे ध्यानी ठेवूनही त्यातून या प्रसंगी बोध घेता येतो. एकाने पाय चाचपला आणि हस्ती खांबासारखा म्हटले; दुसऱ्याने कान चाचपला आणि सुपासारखा म्हटले. या प्रकरणात गावाच्या हाती जिव्हाळा लागला, तक्रारदाराच्या हाती जखमा लागल्या, मठाच्या हाती परंपरा आणि न्यायालयाच्या हाती कलमे. प्रत्येकाने जे धरले ते खरेच होते. पण उभी होती ती एक जिवंत हत्तीण, आणि तिच्या बाजूने प्रथम पाहिल्याखेरीज कोणाचेही म्हणणे पूर्ण होत नव्हते.

सूत्रपाठात कोल्हापूर व मातापूर या क्षेत्रांना साभिमान स्थाने म्हटले असून तेथे न जाण्याविषयी साधकाला सांगितले आहे. ते वचन तेथील देवतांविषयी आणि साधकाच्या विघ्नांविषयी आहे. तेथील रहिवाशांची निंदा त्यात नाही. तरी अभिमान हा साधनेतील अडथळा आहे, एवढा अर्थ प्रत्येकाने आपल्यापुरता घ्यावा. साभिमान स्थान बाहेर आहे तसे ते आपल्या गोठ्यातही असू शकते.

वासनिकांचे कर्तव्य

कारण हत्ती थोड्यांच्या दारी असतो, बैल पुष्कळांच्या. कोल्हापूरकडे बेंदराला बैलांची शिंगे रंगवून, पुरणपोळी भरवून पूजा होते. तेच बैल गळीत हंगामात उसाच्या गाडीला जुंपले जातात आणि चढावर पाय घसरला की आसूड बसतो. ओझे ओढणाऱ्या जनावरांविषयीचे १९६५ चे नियम सांगतात की, जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक जुंपू नये, सलग पाच तासांपेक्षा अधिक विसाव्याविना राबवू नये, आणि उष्णता ३७ अंशांहून अधिक असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत काम घेऊ नये. पोलीस प्रत्येक गाडीमागे धावू शकत नाही. परंतु जो उपदेशी आहे त्याला पोलिसाची वाट पाहण्याचे कारण काय? मानेवर जखम असता जू ठेवू नये. म्हातारा झालेला बैल बाजारात न धाडता सांभाळावा. शेजारी कोणी जनावराला छळत असेल तर पारध्यांशी स्वामी बोलले तसे प्रथम समजावून सांगावे, आणि न ऐकल्यास तक्रार करण्यास कचरू नये. मुक्याच्या वतीने साक्ष देणे ही चहाडी नव्हे. आश्रमवासी भिक्षुकांनीही भक्ताने प्रेमाने अर्पण केलेला जीव स्वीकारण्यापूर्वी त्याचे येथे सुख होईल की आपली शोभा होईल, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

जीव मुंगीच्या देही असो वा हत्तीच्या, अविद्येने वेष्टित असा तो जीवच आहे. देहाच्या आकाराने त्याच्या दुःखाचे माप होत नाही. कायदा पीडा झाल्यावर येतो आणि दंडाने थांबवितो. धर्म पीडेपूर्वी येतो आणि ‘माझे’पण सोडावयास लावतो. स्वामींनी पारध्यांपासून ससा राखला आणि स्वतःपाशीही ठेवला नाही. आपल्या जानूखाली आज कोण आहे आणि जानू उचलण्याची वेळ आली आहे की नाही, हे ज्याचे त्याने आपल्या घरी, आपल्या गोठ्यात पाहावे. दंडवत प्रणाम.