रुग्णालय, समिती आणि मंडळ : अल्पवयीन मातेच्या प्रश्नात समाजसेवकाचे कार्य

बारामतीची औद्योगिक वसाहत वाहननिर्मिती, वस्त्रोद्योग आणि दुग्धप्रक्रिया या व्यवसायांमुळे राज्याला परिचित आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०१९ मध्ये याच परिसरात सुरू झाले. कारखान्यांत काम करणारी अनेक कुटुंबे बाहेरगावाहून येऊन येथे स्थिरावली आहेत. दुसरा एक मोठा श्रमिकवर्ग मात्र स्थिरावण्यासाठी येत नाही. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या गाळपासाठी बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या या भागात उतरतात. पाच-सहा महिने फडाजवळच्या कोप्यांत काढून त्या परत जातात. अशा भागात बालकल्याणाचा प्रश्न पोलीस ठाण्यात पोहोचण्यापूर्वी पुष्कळदा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात प्रकट होतो.

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पू या. ऊसतोडीस आलेली एक गर्भवती मुलगी सासूसमवेत तपासणीस येते. केसपेपरवर वय १९ लिहिले जाते. रक्तक्षय आहे, वजन कमी आहे, आणि डॉक्टरांना वयाविषयी शंका येते. येथून पुढे एकाच मुलीला कायदा तीन नावांनी ओळखू लागतो. डॉक्टरांच्या दृष्टीने ती रुग्ण असते, बाल कल्याण समितीपुढे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक ठरते, आणि पोलिसांच्या नोंदीत पीडित म्हणून येते. पती १७ वर्षांचा असेल, तर तो बाल न्याय मंडळापुढे जातो. एका कुटुंबाची अशी तीन प्रकरणे होतात.

हा विवाह मुळात झाला कसा, हे समजल्याखेरीज पुढील उपाय निष्फळ ठरतात. ऊसतोडीत पती-पत्नीची जोडी हे कामाचे एकक असून तिला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून मिळणारी उचल कोयत्यावर ठरते. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. उलट, मुलीला गावी एकटी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही तिच्या आईवडिलांची चिंताही खोटी नसते. हंगामापूर्वी लग्न उरकण्यामागे अज्ञानापेक्षा हा हिशेब अधिक असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. तेव्हा हा प्रश्न केवळ ऊसतोड कामगारांचा मानणे योग्य होणार नाही.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही अपराधच ठरविला. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अर्थात पोक्सो अन्वये अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांस कळविण्याचे बंधन आहे. न कळविणे हाही अपराध होय. आणि नेमकी येथेच खरी अडचण उभी राहते. नोंद होणार या भीतीने सासू मुलीला पुन्हा रुग्णालयात आणीत नाही. बाळंतपण कोपीतच होते आणि ज्या जीवाच्या रक्षणासाठी कायदा केला तोच संकटात सापडतो. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये काहीसा मार्ग काढला. अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळविताना तिची ओळख उघड करणे आवश्यक नाही. गर्भ वाढवू इच्छिणाऱ्या मुलीला मात्र हा मार्ग उपयोगी पडत नाही.

या अडचणीत उभा राहतो तो रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक. हे पद आपल्या राज्याला नवीन नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली होती. त्याआधी दहा वर्षे, १९३६ मध्ये, मुंबईतच समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा संस्था स्थापन झाली होती. अधीक्षकाचे पहिले काम माहिती दडविणे नव्हे, तसेच धमकावणेही नव्हे. आपणांस काय कळवावे लागेल, कोणाला आणि कशासाठी, हे त्याने कुटुंबास आधी सांगावयाचे असते. उपचार थांबणार नाहीत, हेही त्याच बैठकीत सांगितले पाहिजे. विश्वासात घेऊन कागद करणे आणि कागद करून विश्वास गमावणे यांत मुलीच्या पुढच्या तपासणीचे अंतर असते.

दुसरे काम वयाचे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय वयनिश्चिती, असा क्रम आहे. केसपेपरवरील १९ या आकड्यापेक्षा गावच्या शाळेतील जनरल रजिस्टरचे पान अधिक मोलाचे ठरते. ते मिळविण्यासाठी कोणीतरी त्या शाळेशी संपर्क साधावा लागतो.

तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. समितीसाठी तो पंधरा दिवसांत पूर्ण व्हावा, असे अधिनियम सांगतो. मंडळाकरिता परिविक्षा अधिकाऱ्यालाही तितकीच मुदत आहे. मंडळात दंडाधिकाऱ्यासमवेत दोन समाजसेवक सदस्य बसतात, ते केवळ शोभेसाठी नव्हे. अहवालातील घराचे चित्र वाचून त्यांनी प्रश्न विचारावेत, ही अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ‘आर्थिक स्थिती बेताची, वर्तन चांगले’ अशा ओळींनी नमुना भरला जाण्याचा धोका असतो. उचल किती घेतली, ती कोणाच्या नावावर आहे, मुलीने शाळा कोणत्या इयत्तेत सोडली, माहेरी तिला सांभाळणारे कोणी आहे काय, हे फडावर गेल्याशिवाय कळत नाही.

समितीला अंतिम आदेशासाठी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांची मुदत आहे. जानेवारीत दाखल झालेल्या मुलीचे प्रकरण पूर्ण होईपर्यंत पट्टा पडलेला असतो, म्हणजे कारखान्याचे गाळप बंद होऊन टोळी निघून गेलेली असते. अशा वेळी बालकास त्याच्या मूळ जिल्ह्यातील समितीकडे सोपविण्याची तरतूद अधिनियमात आहे. त्या पाकिटात आदेशाबरोबर गावच्या आशा कार्यकर्तीचे नाव, प्रसूतीची अपेक्षित तारीख, रक्ताच्या तपासणीचे आकडे आणि शाळेचा दाखला गेला, तर बीडच्या अधिकाऱ्याला त्याच आठवड्यात मुलीच्या घरी जाता येते. केवळ आदेश गेला, तर त्याला पहिल्या केसपेपरपासून सुरुवात करावी लागते. आणि तोपर्यंत मुलीला नववा महिना लागलेला असतो.