कोंबडीची शीट काय सांगते?



आपल्या दानातून सातपुड्याच्या पाड्यांवर पिल्ले वाटली जातात. काही जण विचारतात, "मिशनने कोंबड्यांच्या हगवणीत का लक्ष घालावे?" उत्तर सोपे आहे. पाड्यावर कोंबडी म्हणजे घरातल्या बाईची पेटी. वहीपेन, एसटीचे भाडे, आजाऱ्याचे औषध हे सगळे आठवडे बाजारात एक कोंबडा विकून भागते. पिल्ले मेली की ती पेटी रिकामी होते आणि घर सावकाराच्या दारात जाते. शिवाय पाळलेल्या जिवाची काळजी घेणे हे नीतिमानाचे लक्षण आहे, असे नीतिसूत्रे १२:१० शिकवते.

म्हणून बचत गटाच्या बैठकीत आम्ही जो धडा देतो, तो येथे मांडत आहे. ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत, त्यांनाही तो उपयोगी पडेल.

१. सकाळी खुराडे उघडताना पाहा

निरोगी शीट करडी-तपकिरी, घट्ट आणि वर पांढरा थर असलेली असते. अधूनमधून चॉकलेटी, चिकट, घाण वासाची शीट पडते. तीही नेहमीचीच आहे, घाबरू नये. मग गळ्याखालची पिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही ती कडक लागली तर सुके गवत, दोरा किंवा प्लास्टिक अडकलेले असते. थोडे गोडेतेल व कोमट पाणी थेंबाथेंबाने पाजून हलक्या हाताने चोळावे. कोंबडी उलटी धरू नये, पाणी श्वासनळीत जाऊन ती गुदमरते. दिवसभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

२. रक्ताची हगवण

तीन ते आठ आठवड्यांची पिल्ले पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा होतात आणि शीटेत रक्त दिसते. हा कॉक्सिडिओसिस. याचे जंतू शीटेतून बाहेर पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एकदोन दिवसांत दुसऱ्या पिल्लाला बाधायला तयार होतात. म्हणूनच हा रोग पावसाळ्यात फोफावतो. ॲम्प्रोलियम हे औषध डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात पिण्याच्या पाण्यातून द्यावे. त्या दिवसांत बी-जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नये, औषधाचा जोर कमी होतो. ओले तूस काढून जाळावे आणि कोरडे पसरावे. फिनाईलने हे जंतू सहजी मरत नाहीत. कोरडेपणा हाच खरा उपाय.

गेल्या पावसाळ्यात एका विधवा भगिनीच्या चौदा पिल्लांपैकी पाच दोन दिवसांत मेली. शेजारी म्हणाले, नजर लागली. तिने मात्र बैठकीत शिकल्याप्रमाणे शीट पाहिली, रक्त ओळखले आणि त्याच दिवशी औषध आणवले. उरलेली नऊ वाचली. त्यातले दोन कोंबडे विकून तिने मुलीला आश्रमशाळेत जाताना पेटी घेतली.

३. हिरवी हगवण आणि मान वाकडी

शीट हिरवट, श्वासाला घरघर, मान पिळलेली असेल तर ती मानमोडी, म्हणजेच राणीखेत. यावर औषध नाही, फक्त लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून घ्यावी. लस बर्फातच आणावी.

४. जंत

खाऊनही कोंबडी वाळते, तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात. पाड्यावरच्या मोकळ्या कोंबड्यांना दर दोन-तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे.

५. हे करू नये

घरातल्या माणसांच्या उरलेल्या कॅप्सूल कोंबडीला घालू नयेत. औषध चालू असताना व नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी-मांस खाऊ किंवा विकू नये. मेलेली कोंबडी नाल्यात टाकू नये, चुना घालून खोल पुरावी. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लू आपल्या नवापुरातच आढळला होता, हे विसरू नये. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

पाखरे दुकानात स्वस्त मिळतात, पण पाड्यावरच्या बाईला ती वर्षाची मिळकत असते. आपण पाठवलेल्या पैशातून पिल्लांबरोबर लसही जावी, बर्फाचा डबाही जावा, अशी आमची इच्छा आहे.

प्रार्थनेचे विषय: पावसाळ्यापूर्वी सर्व पाड्यांवर लसीकरण पूर्ण व्हावे. लस टोचायला शिकणाऱ्या भगिनींना धीर मिळावा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे सुखरूप परतावीत.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.