‘‘आई, आता मी काय करू?’’

बेंगळुरातील सप्टेंबर महिन्याची एखादी संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. बाहेर पाऊस कोसळत आहे. तिसऱ्या मजल्यावरील लहानशा घरात चार वर्षांचे मूल आईचा हात ओढून विचारते, ‘‘आई, आता मी काय करू?’’ कामावरून नुकतीच परतलेली, थकलेली आई त्याच्या हाती मोबाईल देते. घर शांत होते. पण मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले काय?

त्याचे शब्द पुन्हा लक्षपूर्वक ऐका. ‘मला काय दाखवतेस?’ असे ते विचारत नाही. ‘मी काय करू?’ असे विचारते. करमणुकीपेक्षा त्याला काम हवे असते, आणि त्या कामात आपली सोबत हवी असते.

जागतिक आरोग्य संघटनेने सन २०१९ मध्ये सुचविले की, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यापुढे दिवसाकाठी एका तासाहून अधिक वेळ बसू नये. जितका कमी तितका बरा. शिवाय तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. मग घरातल्या घरात हे कसे साधावे?

घरचे काम हाच खेळ

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे कार्य केले. महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून पाने, बिया, खडे, शिंपले अशा सभोवतीच्या वस्तूच मुलांची साधने झाली. आपल्या स्वयंपाकघरातही अशी साधने नाहीत काय?

थंडीच्या दिवसांत बेंगळुरातील बाजार अवरेकाळूंच्या शेंगांनी भरून जातो. आपले वाल-पावटे ते हेच. दाणे काही तास भिजवून चिमटीत दाबले की सालीतून डाळिंबी टुणकन बाहेर उडते. चार-पाच वर्षांच्या मुलाला याहून गमतीचे काम क्वचितच मिळेल! बोटांना वळण लागते, दहा-दहांचे ढीग मांडताना मोजणी येते, आणि रात्री पानात आपणच सोललेले बिरडे पाहून चेहरा फुलतो.

याहूनही मोलाची एक गोष्ट घडते. बाहेर कन्नड, शाळेत इंग्रजी, अशा शहरात वाढणाऱ्या मुलाच्या कानी सोलणे, निवडणे, पाखडणे, मळणे हे शब्द कोठे पडणार? घरची भाषा शिकवणीने नव्हे, तर अशा एकत्र कामातून हातोहात पुढे जाते. मोबाईल मुलाला गप्प बसवितो. परात त्याला बोलते करते.

आणखी काही खेळ

कर्नाटकात ‘अळगुळी मणे’ हा जुना खेळ आहे. लाकडी पाटावर सात-सात खळग्यांच्या दोन रांगा असतात व चिंचोके एकेक करून पुढच्या खळग्यांत टाकीत जायचे असते. पाट नसल्यास चौदा वाट्या मांडा. पावसाळ्यात जमिनीवर खडूने घरे आखून लंगडी घालू द्या. मेजावर जुनी चादर टाकली की तंबू होतो. रिकामे खोके बस होते, दुकान होते, भातुकलीचे घर होते.

मात्र सावध असा. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती दाणे, चिंचोके, गोट्या देऊ नका. ते तोंडात घालतात व घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांना डबे, झाकणे व कणकेचा मोठा गोळा पुरेसा आहे.

थकलेल्या पालकांसाठी

संपूर्ण संध्याकाळ खेळविण्याची गरज नाही. पहिली दहा मिनिटे मुलाजवळ बसा, खेळ सुरू करून द्या आणि मग आपल्या कामाला लागा. पोळी वाकडी झाली तर सुधारू नका, तीच भाजा. कधी मूल कंटाळले तर लगेच धावून जाऊ नका. त्या कंटाळ्यातूनच पुष्कळदा नवा खेळ जन्मतो.

विचार करण्याकरिता प्रश्न

१. काल आपल्या मुलाने ‘मी काय करू?’ असे विचारले तेव्हा आपण काय दिले?

२. घरातील कोणते एक काम उद्यापासून त्याच्यासोबत करता येईल?

३. ते काम करताना आपल्या भाषेतील कोणते शब्द त्याला मिळतील?