तारखांचे गणित आणि संगणक

कोलकात्याच्या गार्डन रीच भागात दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. पूर्वीच्या बंगाल-नागपूर रेल्वेचा कारभारही येथूनच चाले. हावड्याहून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गाचा पूर्वेकडील भाग या रेल्वेच्या अखत्यारीत येतो. भारतीय रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. प्रवासाचा दिवस तीत धरीत नाहीत. आता १५ मार्च २०२७ रोजी हावड्याहून नागपुरास निघावयाचे असेल, तर आरक्षणास कधी जावे? दोन महिने मागे मोजल्यास १५ जानेवारी येते. हे उत्तर चूक आहे. आरक्षण १४ जानेवारीस उघडते, आणि गर्दीच्या गाडीच्या बाबतीत एका दिवसाचा उशीरही पुरेसा असतो. २०२८ साली मात्र १५ जानेवारी हेच उत्तर बरोबर ठरेल, कारण त्या वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा आहे.

हा हिशेब संगणकाकडे सोपवू. प्रवाशाने '१५/०३/२०२७' असे टंकित केले, तरी संगणकाच्या लेखी ती तारीख नसून दहा चिन्हांची ओळ असते. आज्ञावलीने प्रथम तिचे दिवस, महिना व वर्ष असे तीन भाग करावयाचे. ०५/०३ म्हणजे आपल्याकडे ५ मार्च, तर अमेरिकेत ३ मे. म्हणून कोणता क्रम हवा ते प्रवाशास आधीच सांगावे. नंतर ३१ एप्रिलसारखी अस्तित्वात नसलेली तारीख ओळखावयाची. पायथन भाषेतील तारखेची सोय अशी तारीख नाकारते. सी भाषेतील 'एमकेटाइम' मात्र मुकाट्याने तिची १ मे करून टाकते. आम्हांस नकारच बरा वाटतो.

वजाबाकी करावयाची ती तारखांची नव्हे, दिवसक्रमांकांची. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांचे शके १४४२ चे 'ग्रहलाघव' अहर्गणावर, म्हणजे आरंभापासून लोटलेल्या दिवसांच्या संख्येवर, चालते. ती संख्या आटोपशीर राहावी म्हणून त्यांनी ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, चक्र योजिले.

संगणकासाठी वर्षाचा आरंभ मार्चपासून धरणे सोयीचे, कारण मग लीप वर्षाचा जादा दिवस अखेरीस पडतो. मार्चला ०, एप्रिलला १ असे करीत जानेवारीला १० व फेब्रुवारीला ११ हा अंक द्यावा, आणि हे शेवटचे दोन महिने मागील वर्षात मोजावे. वर्ष व, महिना म आणि दिवस द असल्यास,

दिवसक्रमांक = ३६५व + [व÷४] − [व÷१००] + [व÷४००] + [(१५३म + २)÷५] + द

चौकटी कंसांतील भागाकाराचा अपूर्णांक सोडून द्यावा. १५ मार्च २०२७ चा क्रमांक ७४०३६१ येतो. त्यातून ६० वजा जाता ७४०३०१. पडताळ्यासाठी १४ जानेवारी घेऊ. येथे व = २०२६, म = १०, द = १४:

७३९४९० + ५०६ − २० + ५ + ३०६ + १४ = ७४०३०१

प्रवासाचा दिवसही साठांत धरण्याची चूक केली, तर ७४०३०२ म्हणजे पुन्हा १५ जानेवारीच येते. दोन निरनिराळ्या चुका येथे एकमेकींची साक्ष देतात, व आज्ञावली लिहिणारा फसतो. याकरिता तीच तारीख २०२८ सालासाठीही घालून पाहावी: महिने मोजणारी आज्ञावली तेथे १५ जानेवारी सांगेल, आणि प्रवासाचा दिवस धरणारी १६ जानेवारी.