पाडव्यापासून पाडव्यापर्यंत

चि. भाच्यास,

पत्रास कारण की, नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) मिशनच्या मळ्यावर वर्षभर विनावेतन सेवा करण्याचा निश्चय पक्का झाल्याचे वृत्त घरी पोहोचले असून त्याचे सर्वांनाच समाधान आहे. तथापि काही गोष्टी निघण्यापूर्वीच लिहून पाठवणे अगत्याचे आहे, कारण मळ्यावर गेल्यानंतर कामाच्या रगाड्यात त्या वाचायला सवड मिळत नाही आणि परतल्यानंतर वाचून उपयोग नसतो.

आयुष्यातले एक वर्ष सेवेला देण्याची प्रथा ख्रिस्ती मंडळीत फार जुनी नाही. १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दून परिसरातील एका गावी, कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या देशांतील तरुणांना एकत्र आणून घरे उभारण्याचे काम सुरू केले, आणि हाच सेरेसोल १९३४ सालच्या बिहारच्या भूकंपानंतर तेथील गावांच्या पुनर्वसनासाठी हाती कुदळ घेऊन हिंदुस्थानात आला. पुढे १९५४ साली बव्हेरियातील नॉयएन्डेटेल्साऊ या गावी, जेथे रुग्ण, वृद्ध व अपंग यांच्या शुश्रूषेला वाहून घेतलेल्या भगिनींची मोठी संस्था होती, तेथील प्रमुख हर्मान डिट्झफेल्बिंगर यांनी तरुण मुलींना एक वर्ष सेवेसाठी देण्याचे आवाहन केले. त्यातून 'डायकोनी वर्ष' रूढ झाले आणि १९६४ साली पश्चिम जर्मनीने अशा ऐच्छिक वर्षाला कायद्याची मान्यता दिली. यातील 'डायकोनिया' हा शब्द नव्या करारातला, ग्रीक भाषेतला असून त्याचा अगदी साधा अर्थ पंगतीला वाढणे, ताटाशी उभे राहून चाकरी करणे असा आहे. वाढणारा शेवटी जेवतो, आणि पंगतीचा यजमान तो नसतो, ही गोष्ट वर्षभर ध्यानात राहिली तरी निम्मे काम झाले असे समजावे.

मराठी मुलखात मात्र वर्षाची चाकरी म्हणताच डोळ्यांपुढे जो माणूस उभा राहतो तो सालगडी, म्हणजे बहुधा गुढीपाडव्याला साल ठरवून पुढच्या पाडव्यापर्यंत एका मालकाच्या शेतावर बांधला जाणारा मजूर होय. त्याच्या बोलीची काही रक्कम त्याने लग्नासाठी, दुखण्यासाठी किंवा पावसाळ्यातील पोटासाठी अगोदरच घेतलेली असते. तिला उचल म्हणतात, आणि ती साल संपेपर्यंत फिटली नाही तर पुढचे सालही त्याच दावणीला जाते. बैलांना चारापाणी, गोठ्याची झाडलोट, रात्री-अपरात्री वीज येईल त्या वेळी पिकाला पाणी देणे, आणि या सर्वांत बायकोमुलांचा न मोजलेला हातभार, असे त्याच्या सालाचे स्वरूप असते. मळ्यावर जाणारा स्वयंसेवकही एक वर्षच देतो, तीच जमीन तुडवतो, त्याच विहिरीचे पाणी पितो. परंतु त्याने उचल घेतलेली नसते, आजारी पडल्यास त्याला घरी जाता येते आणि मन विटल्यास वर्ष अर्धवट सोडताही येते. दोघांच्या वर्षातील हे अंतर जो ओळखत नाही त्याची सेवा, हेतू कितीही निर्मळ असला तरी, हवापालटाच्या पलीकडे जात नाही. चिरंजीवाला द्यायचा मुख्य सल्ला हाच, की मळ्यावर गुरू करावा तो सालगड्याला.

या सल्ल्याला इतिहासाचाही आधार आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आणि १८३१ साली अहमदनगरास आले, आणि पुढील काळात त्या जिल्ह्यातील ज्या कुटुंबांनी मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म स्वीकारला ती बहुतांशी महार आणि मांग समाजातील, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात राबणारी व गावकीची कामे करणारी होती. आज पुण्यामुंबईत शिक्षक, परिचारिका, कारकून म्हणून स्थिरावलेल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज अशाच बांधांवरून उठून मिशनच्या शाळेत आले आहेत. तेव्हा शहरातून मळ्यावर जाणाऱ्या तरुणाने आपण मागासलेल्यांना काही नवे द्यायला निघालो आहोत असा समज मनात धरला, तर तो आपल्याच पणजोबांकडे वरून पाहण्यासारखा होईल. हे शब्द कठोर वाटले तरी ते मागे घेण्याचे कारण नाही.

मिशनचा मळा म्हणजे काय, हे समजण्यासाठी केडगावचा वृत्तांत अवश्य वाचावा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे पुण्यास हलवलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरवले होते. ती मुदत संपल्यावर संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे, या दूरदृष्टीने बाईंनी पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खणवल्या आणि फळझाडे लावली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा आणून त्यांना ठेवायला हीच जमीन उपयोगी पडली, आणि बागेसाठी घेतलेल्या रानावर 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. तेथील स्त्रिया शेती, विणकाम आणि तेलघाणा तर चालवतच, शिवाय बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळवण्याचे कामही त्यांच्याच हातांनी झाले. धर्मार्थ चालणाऱ्या मळ्याने इतरांच्या देणगीवर कायम विसंबू नये, आणि आश्रयाला आलेल्या माणसाला आश्रित म्हणून न ठेवता काम करणारा म्हणून उभे करावे, असा दुहेरी पाठ त्यात आहे. मळ्यावर जमाखर्चाची वही पाहायला मिळाली तर ती आदराने पाहावी. दूध, भाजी, धान्य यांतून किती येते आणि बाहेरून किती येते, हे ज्याला सांगता येत नाही त्याला तो मळा कळला असे म्हणता येत नाही.

शिकवण्यापूर्वी शिकावे लागते, याचे उदाहरण अलाहाबादजवळच्या नैनी येथे आहे. मॅंचेस्टर येथे जन्मलेला सॅम हिगिनबॉटम १९०३ साली मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आला आणि महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागला. परंतु विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यांकडे पाहू लागल्यावर, दारिद्र्याची कारणे पुस्तकातून सांगणाऱ्या आपल्याला धान्याचे एक कणीसही अधिक पिकवता येत नाही, हे त्याने जाणले आणि तो अमेरिकेला जाऊन शेतीशास्त्र शिकून आला. यमुनेकाठच्या जमिनीवर १९१० साली त्याने काढलेली कृषिसंस्था पुढे देशभर नावाजली. तेथेच मेसन वॉ या अभियंत्याने इकडच्या बैलजोडीला ओढवेल असे हलके लोखंडी नांगर तयार केले, ज्यांना 'वाह वाह' आणि 'शाबाश' अशी नावे मिळाली. परदेशी यंत्राच्या मापाने बैल मोठे करता येत नसल्याने बैलांच्या मापाचा नांगर घडवणे, ही शहाणपणाची रीत चिरंजीवाने स्वतःच्या विद्येलाही लावून पाहावी, कारण महाविद्यालयात मिळालेले ज्ञान बहुधा मोठ्या मापाचे असते.

खुद्द नगर जिल्ह्यातील उदाहरण तर याहून जवळचे आहे. स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेले जेझुइट संन्यासी फादर हर्मन बाखर यांनी या पर्जन्यछायेच्या प्रदेशात, म्हणजे सह्याद्रीने ढग अडवल्यामुळे ज्याच्या वाट्याला तुटपुंजा पाऊस येतो अशा मुलखात, पाणलोटाच्या कामाला आपले आयुष्य दिले. पाणलोट क्षेत्र म्हणजे ज्या भूभागावर पडलेले पाणी एकाच ओढ्याला जाऊन मिळते तो सगळा भाग. त्यात माथ्यापासून पायथ्याकडे क्रमाने सलग समतल चर, बांधबंदिस्ती व नालाबांध केल्यास पाणी जागच्या जागी मुरते, आणि हा क्रम उलटवून आधी खाली बंधारा बांधल्यास तो गाळाने भरून जातो. त्यांच्या प्रेरणेने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १९९३ साली 'वॉटर' ही संस्था निघाली. या कामातील सर्वांत अनुकरणीय भाग असा, की प्रत्येक गटाचा आराखडा शेतकरी आणि त्याची पत्नी या दोघांना बरोबर घेऊन, त्यांच्याच रानात उभे राहून ठरवला जाई. खुरपणीला वाकलेल्या बाईला जमिनीचा उतार जितका ठाऊक असतो तितका नकाशाला नसतो. तरीही तिची मजुरी पुरुषाहून कमी असते, आणि मिशनचा मळा असेल तर तेथे असे का, हा प्रश्न स्वयंसेवकाने नम्रपणे पण अवश्य विचारावा.

आता एका नाजूक गोष्टीविषयी. दुष्काळात मिशनच्या दाराशी आलेल्यांना 'पोटासाठी बाटले' हा टोमणा पिढ्यानपिढ्या ऐकावा लागला. तो बऱ्याच अंशी अन्यायाचा होता, कारण ज्यांना गावाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्यांनी पोटाबरोबर मानही शोधला होता. परंतु भाकरी आणि प्रार्थना एकाच हाताने दिल्या की घेणाऱ्याचे मन मोकळे राहत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून मजुरी, धान्य, औषध किंवा विहिरीचे पाणी यांचा संबंध उपासनेच्या हजेरीशी येऊ देऊ नये, प्रार्थनेला जो येईल त्याचे स्वागत करावे आणि जो येणार नाही त्याच्या ताटात तेवढीच भाजी वाढावी. कोणाला खाजगीत पैसे देऊ नयेत, कारण वर्षभराने देणारा निघून जातो आणि घेणारा मिंधेपणासह मागे राहतो. मुलांची छायाचित्रे काढून दूरदूरच्या लोकांना दाखवू नयेत. रविवारी गायी दूध द्यायच्या थांबत नाहीत, तेव्हा त्या दिवसाची धार स्वयंसेवकाने काढावी आणि गोठ्यावरच्या गड्याला विसावा द्यावा. शब्बाथाची आज्ञा, म्हणजे सातव्या दिवशी विश्रांतीचा नियम, चाकर आणि जनावरे यांनाही घालून दिलेली आहे.

वर्षाची सुरुवात शक्यतो पाडव्याला करावी. त्या वेळी रान रिकामे असते, नांगरटीची ढेकळे उन्हात तापत असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो, आणि मळा सर्वांत उदास दिसतो. ज्याने तो तसा पाहिला नाही त्याला मृगाच्या पावसाचे मोल कळत नाही. पुढे बाजरीची पेरणी, खुरपणी, भाद्रपद-आश्विनातील रब्बी ज्वारीची पेर, थंडीतला हुरडा, आणि फाल्गुनाच्या सुमारास काढणी व मळणी, असा क्रम पुरा होतो. बहुतेक वर्षी पुनरुत्थानाचा सण चैत्री पौर्णिमेच्या आसपास येत असल्यामुळे शेतकऱ्याचे वर्ष आणि मंडळीचे वर्ष एकाच पंधरवड्यात वळण घेतात. दिवाळी-नाताळात घरची ओढ अनावर होते व पुष्कळ तरुण त्याच सुमारास परततात. चिरंजीवाने तसे करू नये, ज्वारी खळ्यावर येईपर्यंत राहावे, कारण पेरून निघून जाणाऱ्याला उभ्या पिकावर गारपीट झाली तर तिचे दुःखही वाट्याला येत नाही. वर्षभरात गावाचे फार भले होईल अशी आशा धरू नये. एवढ्या मुदतीत फारतर एका माणसाची शेती, त्याचे कर्ज आणि त्याचा स्वाभिमान यांची ओळख होते, आणि तेवढी झाली तर वर्ष सत्कारणी लागले.

प्रकृतीस जपावे, उन्हात डोके झाकावे, पाणी उकळून प्यावे आणि रोजनिशी लिहावी. पहिल्या पत्रात मळ्याचे वर्णन लिहिण्याची घाई करू नये. सालगड्याचे, त्याच्या घरधनिणीचे आणि त्याच्या बैलांचे नाव काय, तेवढे विचारून कळवावे.

शुभचिंतक,
मामा